यान उतरवायचा ग्राफ काढला, सर म्हणे "फुटलं". नेमकं कुठं चुकलं?

मानेवाडा_अकरावी
नमस्कार, फिजिक्सच्या प्रोजेक्टमध्ये अडकून राहिलो, कोणी सांगेल का. सरांनी गटागटाने काम दिलं आहे, यान चंद्रापासून ८०० मीटर उंचीवर आहे, सरळ खाली ४० मीटर/सेकंदाने येऊन राहिलं आहे, तर त्याचा पोझिशन-टाइम ग्राफ असा काढा की यान नीट उतरलं पाहिजे, आणि त्याच ग्राफवरून दर दहा सेकंदाला वेग किती ठेवायचा ते लिहा. मी म्हटलं सोपं आहे, ८०० भागिले ४० म्हणजे २० सेकंद, पट्टी ठेवली अन वरून खाली सरळ रेष मारून दिली. सरांनी पाहिलं अन म्हणे "तुझं यान फुटलं." माझ्या मित्राने तीन तुकडे केले, आधी ४० ने, मग २० ने, मग शेवटी ५ ने. त्याला म्हणे "तुझं तं वरच फुटलं." आता दोघांचंही फुटलं तर बरोबर काय आहे बाप्पा?
आणि अजून एक, माझी रेष तिरपी आहे तर यान तिरपं येते असं होते का? प्रश्नात तर सरळ खाली लिहिलं आहे. हसू नका प्लीज, सोमवारी द्यायचं आहे.

त्रिमूर्तीनगर_मास्तर
हसत नाही, हा प्रश्न दरवर्षी निम्म्या वर्गाच्या मनात असतो, विचारतो एखादाच. तिरपेपणाचं आधी घे. ग्राफ म्हणजे यानाचा रस्ता नाही. आडवी रेघ वेळेची आहे, जागेची नाही. तू आत्ता खुर्चीवर बसून हे वाचतो आहेस ना, तुझाही ग्राफ उजवीकडे सरकतोच आहे, म्हणून तू काही खुर्चीसकट प्रतापनगरला निघाला नाहीस. उभ्या अक्षावर फक्त उंची. यान दोरीला ओळंबा बांधल्यासारखं सरळ खाली आलं तरी त्याची रेष तिरपीच दिसणार, आणि ती जितकी तिरपी तितका वेग. रेषेचा चढ म्हणजेच वेग, उंची कमी होते म्हणून तो ऋण.
आता तुझी रेष पुन्हा पाहा. जमिनीला टेकतानाही ती सुरुवातीइतकीच तिरपी आहे, म्हणजे टेकताना वेग ४० मीटर/सेकंद, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. सर बरोबर बोलले. तू रेष कुठं टेकते तेवढंच पाहिलं, टेकताना ती कशी टेकते ते पाहिलंच नाही. ती जमिनीजवळ येता येता आडवी होत गेली पाहिजे.
करून पाहा: उंची = ८०० − ४० × वेळ + ०.५ × वेळ × वेळ. ० सेकंदाला ८००, १० ला ४५०, २० ला २००, ३० ला ५०, आणि ४० ला बरोबर शून्य. पहिल्या दहा सेकंदात ३५० मीटर, मग २५०, मग १५०, मग ५०. म्हणजे सरासरी वेग ३५, २५, १५, ५. रेष वाटीच्या डाव्या काठासारखी खाली येते आणि तळाशी आडवी होते. हा पॅराबोला. वेग दर सेकंदाला १ ने कमी होतो.
एक मात्र विसरू नको, चंद्र यानाला खाली ओढतच असतो, १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणून वेग १ ने कमी करायचा तर इंजिनाला २.६२ चा जोर लावावा लागतो. पोरं हा १.६२ हमखास विसरतात.

संत्रा_बर्फी
इतकं कशाला पाहिजे यार. ८०० मीटरवरच कचकन ब्रेक मारून थांबवायचं आणि मग १ मीटर/सेकंदाने आरामात खाली सोडायचं. संत्र्याची पेटी ट्रकमधून उतरवतात तशी. काय टेन्शन.
नाही तर पॅराशूट लावा

त्रिमूर्तीनगर_मास्तर
पॅराशूटला हवा लागते भाऊ, चंद्रावर ती नाही.
आणि पेटी उतरवताना हमालाचा हात दुखतो की नाही? तसंच इंजिनाचं. १ मीटर/सेकंदाने ८०० मीटर म्हणजे ८०० सेकंद, तेरा मिनिटांच्या वर. त्या प्रत्येक सेकंदाला इंजिनाने १.६२ पुरवायचं, तेही फक्त यान पडू नये म्हणून. जोर गुणिले सेकंद हे इंधनाचं माप धर, ८०० × १.६२ = १२९६ मीटर/सेकंद. माझ्या पॅराबोलाला किती लागतं? ४० × २.६२, म्हणजे १०५ च्या आसपास. बारा पट फरक आहे. तुझी रेष जवळजवळ आडवी, दिसायला एकदम सुरक्षित, पण टाकी मधेच रिकामी होईल आणि मग जे होईल त्याचा ग्राफ काढायला कोणी उरणार नाही.

संत्रा_बर्फी
😂 मान्य. पेटी वापस ट्रकमध्ये

अजनीवाले_काका
पोरा, मी रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होतो, रिटायर झालो आता. तुमचं हे यान-बिन मले काही समजत नाही पण पोझिशन-टाइम ग्राफ म्हणशील तं जिंदगीभर तेच केलं. आमच्या टेबलावर रोज एक लांबलचक चार्ट असे. उभ्यात स्टेशनं, अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, असं करत करत सेवाग्रामपर्यंत, आणि आडव्यात घड्याळ. स्टेशन मास्तर फोनवर गाडी गेल्याचा टाइम सांगे, आपण ठिपका मारायचा आणि मागच्या ठिपक्याले जोडायचा. गाडीच्या प्रकाराप्रमाणे पेन्सिलीचा रंग वेगळा. उभी रेष म्हणजे धावणारी मेल, लोळलेली रेष म्हणजे कोळशाची मालगाडी, आणि एकदम आडवी झाली म्हणजे गाडी उभी आहे अन मागून फोन सुरू होतात. आता ते सगळं कॉम्प्युटरवर निघते म्हणा, पण रेषा त्याच.
आता तुझ्या मित्राचं सांगतो. आमच्या चार्टवरही असेच सरळ तुकडे अन कोपरे असत, आणि ते चालून जाई, काऊन की कंट्रोलरले फक्त गाडी कोणत्या स्टेशनावर किती वाजता हे पाहिजे. गाडी प्लॅटफॉर्मवर येताना ब्रेक कसा लावला ते लोको पायलटचं काम. पण तुम्ही तं इथं लोको पायलटच आहा! कोपरा म्हणजे काय, या क्षणी ४० अन त्याच क्षणी २०, मधात काहीच नाही. अशी गाडी थांबत नसते, आपटते. तुझ्या सरानं "वरच फुटलं" म्हटलं ते याच्यासाठी.

त्रिमूर्तीनगर_मास्तर
वा काका, हे उद्या वर्गात सांगणार. पोराच्या भाषेत लिहायचं तर कोपऱ्यावर त्वरण अनंत होतं, म्हणजे तेवढा जोर कोणत्याच इंजिनात नाही आणि असता तरी यानाचे तुकडे झाले असते. ग्राफ तुटायला नको हे सगळ्यांना माहीत असतं, ग्राफला कोपराही नको हे मात्र कोणी सांगत नाही.

मानेवाडा_अकरावी
काका तुमचं स्टेशनवालं एकदम डोक्यात बसलं. सर, तुमचा टेबल मी ग्राफ पेपरवर काढून पाहिला, खरंच वाटीसारखा येते. पण मग एक सांगा, हा पॅराबोला इतका बरोबर आहे तर चांद्रयान-३ च्या वेळेस टीव्हीवर ते खाली येता येता मधेच थांबलं होतं ना थोडं? १५० मीटरवर. ते काऊन थांबलं? फुकट इंधन गेलं ना.

फुटाळा_दुर्बीण
हा चांगला प्रश्न विचारला बे तू.
मास्तरांचा पॅराबोला कागदावर बरोबर आहे, पण त्याच्यात चुकीला जागाच नाही. समजा इंजिन एक सेकंद उशिरा लागलं. फक्त एक सेकंद. तेवढ्यात यान जवळपास ४१ मीटर खाली गेलं आणि वेग ४१.६ झाला. पुढे सगळं ठरल्याप्रमाणे केलं तरी जमिनीला टेकताना १४.६ मीटर/सेकंद वेग उरतो. ताशी ५० च्या वर. किंवा उशीर नाही झाला पण इंजिनाने दहा टक्के कमी जोर दिला, तर २०.५ मीटर/सेकंद. वर्धा रोडवर ताशी ७४ ने जाऊन पिलरला धडकल्यासारखं. आणि उलटं झालं, इंजिनाने थोडा जास्त जोर दिला, तर यान जमिनीच्या वरच कुठंतरी थांबेल आणि इंजिन चालूच राहिलं तर परत वर जायला लागेल, ग्राफ खाली न टेकता वर वळेल.
चांद्रयान-३ चे पाय ३ मीटर/सेकंदापर्यंत सोसतील असे केले होते आणि टेकायचा बेत २ च्या आत होता. म्हणजे १४.६ विसरच.
म्हणून खरे लोकं शेवटचा शून्य जमिनीवर ठेवत नाहीत, थोडा वर ठेवतात. १५० मीटरवर थांबायचं, खाली कॅमेऱ्याने खड्डे-दगड पाहायचे, जागा बरी आहे का ते ठरवायचं, मग हळू उतरायचं. २० सेकंद थांबलं तर २० × १.६२ = ३२ मीटर/सेकंदाएवढं इंधन गेलं. फुकट नाही गेलं, ती चूक निस्तरायची किंमत आहे.
आणि तुमचा प्रश्न मुळात खूप सोपा करून दिला आहे हे पण लक्षात घे. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास विक्रम (चांद्रयान-३ चं उतरणारं यान) ३० किमी उंचीवरून निघालं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर होता, पण तो जवळजवळ सगळा आडवा होता! पहिला टप्पा रफ ब्रेकिंगचा, ६९० सेकंदांचा, त्यात उंची ३० वरून ७.४२ किमीवर आली. भागाकार कर, उभा वेग सरासरी ३३ मीटर/सेकंद फक्त. नुसता उंचीचा ग्राफ पाहिला तर वाटेल की यान मजेत लिफ्टने खाली येऊन राहिलं आहे. आडव्या अंतराचा ग्राफ वेगळा काढला तर कळते की त्याच साडेअकरा मिनिटांत यान सातशे किलोमीटर पुढे सरकलं आणि आडवा वेग १६८० वरून ३५८ वर आला. सातशे किलोमीटर म्हणजे आपला अख्खा समृद्धी महामार्ग, ७०१ किमीचा. नागपूरहून निघालो आणि साडेअकरा मिनिटांत ठाण्याजवळ पोचलो, तेही पूर्ण रस्ताभर ब्रेकवर पाय ठेवून 🙂
त्यामुळे खऱ्या यानाला दोन ग्राफ लागतात, एक उंचीचा अन एक आडव्या अंतराचा, आणि दोन्हींचा चढ एकाच वेळी शून्याकडे गेला पाहिजे. तुझ्या सरांनी तुला शेवटचे ८०० मीटर दिले, जिथं आडवा वेग संपलेला असतो. दयाळू आहेत.

अजनीवाले_काका
अन २०१९ वाल्या चांद्रयान-२ चं काय झालं होतं, ते काऊन आपटलं? त्या रात्री मी जागा होतो. स्क्रीनवर ती लाल रेष होती आणि हिरवी रेष तिच्यावरून चालली होती, मग हिरवी हटली. मले लगेच समजलं की गाडी शेड्यूलवर नाही. घरचे म्हणत होते अजून टाळ्या वाजतील.

फुटाळा_दुर्बीण
काका अगदी तसंच. लाल म्हणजे ठरवलेली, हिरवी म्हणजे खरी. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी २०२३ ला सांगितलं होतं त्याचा सारांश असा की पाचही इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त जोर दिला आणि चूक साचत गेली. ती लगेच दुरुस्त व्हायला पाहिजे होती पण मधल्या टप्प्यात यान कॅमेऱ्यासाठी स्थिर धरायचं होतं, मग नंतर एकदम जोरात वळायची वेळ आली आणि वळायच्या वेगाला मर्यादा होती. वरून उतरायची जागा ५०० बाय ५०० मीटर एवढीच दिलेली. म्हणजे यान एकीकडे वेग कमी करायला पाहत होतं आणि दुसरीकडे ठरलेल्या जागी पोचायला वेग वाढवत होतं. पुढच्या वेळेस जागाच मोठी केली, ४ किमी बाय २.४ किमी, आणि मधलं पाचवं इंजिन काढून चार ठेवले. वेग थेट मोजणारं लेसरचं यंत्र पण लावलं, नाही तर वेग हिशोबानेच काढावा लागतो.

कोडवाली_ताई
मी मूळची महालची, आता पुण्यात कंट्रोल सॉफ्टवेअर लिहिते (यानाचं नाही, साध्या मशिनींचं, उगाच गैरसमज नको). सगळे रेषेबद्दल बोलून राहिले, मी शून्याबद्दल बोलते. उभ्या अक्षावरचा शून्य कुठं आहे हे यानाला कोण सांगते? आपल्याकडं झिरो माइलचा दगड आहे, तिथून मोजा म्हटलं की झालं. चंद्रावर दगड नाही रोवलेला.
२०२३ च्या एप्रिलमध्ये जपानच्या आयस्पेस कंपनीचं हाकुतो-आर यान उतरत होतं. वाटेत ते एका मोठ्या खड्ड्याच्या काठावरून गेलं, काठाच्या पलीकडं जमीन एकदम तीनेक किलोमीटर खाली. उंची मोजणारं यंत्र खरं बोललं की उंची अचानक वाढली, पण सॉफ्टवेअरने म्हटलं एवढी उडी शक्यच नाही, सेन्सर बिघडला असेल, आणि त्याचं ऐकणं बंद केलं. पुढे यानाने आपल्या मनातल्या ग्राफप्रमाणे एकदम मस्त, हळूहळू वेग कमी केला, रेष छान आडवी झाली, उंची शून्य आली. खरी उंची तेव्हा पाच किलोमीटर होती. तिथंच तरंगत राहिलं, इंधन संपलं, आणि पडलं. ग्राफचा आकार एक नंबर, फक्त अक्ष पाच किलोमीटरने चुकला होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या दिवशीचं सगळं कोड परत उघडून पाहिलं होतं, आपण कुठं कुठं सेन्सरला खोटं ठरवून राहिलो ते.
मंगळावर २०१६ ला युरोपचं स्कियापरेली, तेच दुखणं वेगळ्या वाटेने. पॅराशूटवर हेलकावे खाताना फिरण्याचा वेग मोजणारं यंत्र त्याच्या मर्यादेला जाऊन टेकलं, त्यावरून हिशोब चुकला आणि उंची चक्क ऋण आली, म्हणजे यानाला वाटलं मी जमिनीच्या खाली आहे. पॅराशूट सोडून दिलं, इंजिन तीनेक सेकंद चालवून बंद. खरी उंची ३.७ किमी.
प्रोजेक्टसाठी एक टिप, ग्राफ उलटा काढ. जमिनीपासून सुरू कर अन मागे जा. आधी ठरव टेकताना वेग किती, समजा २. तो वेग किती उंचीपासून कायम, समजा शेवटचे २० मीटर. म्हणजे शेवटी १० सेकंदांची सरळ, कमी तिरपी रेष. त्या रेषेला वरून येणारी वाटी अशी जोड की जोडावर कोपरा यायला नको. वेग ४० वरून २ पर्यंत, ७८० मीटरमध्ये, वेगाच्या वर्गांचं सूत्र लाव, वेग दर सेकंदाला १.०२३ ने कमी करायचा असं येईल, म्हणजे चंद्राचे १.६२ धरून इंजिनाचा जोर २.६४. सरळ भागाचा फायदा असा की यानाला जमीन नेमकी कुठं आहे यात दोन-चार मीटरची चूक झाली तरी टेकताना वेग २ च राहतो.

त्रिमूर्तीनगर_मास्तर
ताईंचं बरोबर आहे, हे माझ्या पॅराबोलापेक्षा चांगलं. इंधनाचा हिशोब मी केला, १०५ च्या ऐवजी ११४ च्या आसपास लागतं. नऊ-दहा टक्क्यांत सौदा वाईट नाही. फक्त एक भर घालतो, इंजिन पूर्ण ताकदीवर धरून ग्राफ आखू नको. थोडं हातात ठेव. मघाचा एक सेकंदाचा उशीर झाला तरी २.६४ च्या ऐवजी २.७९ लावलं की यान २० मीटरवर परत २ च्या वेगाला येतं, म्हणजे साडेपाच टक्के जास्त जोर. तेवढं हातात असेल तर वाचलं, नसेल तर ग्राफ कितीही सुंदर असो.

मानेवाडा_अकरावी
ताई, सर, काका, सगळ्यांना थँक्यू, रात्री जागून नवीन टेबल केला. ० ला ८००, १० ला ४५१, २० ला २०५, ३० ला ६०, ३७ ला २०, आणि मग सरळ रेष ४७ सेकंदापर्यंत. वेग ४०, २९.८, १९.५, ९.३, मग २. मित्राने त्याच्या तीन तुकड्यांचे कोपरे गोल करून आणले, ते मोजायला घेतलं तर पहिला कोपरा वळवायलाच जवळपास २० सेकंद लागत होते, तोवर त्याचा दुसरा तुकडा संपून गेला. आता तो माझ्याच गटात आहे.
एकच राहिलं, सर विचारतील की ३७ सेकंदाला इंजिनाचा जोर २.६४ वरून एकदम १.६२ वर आणला तर ग्राफला कोपरा येते का? मला तर कागदावर काही दिसत नाही.

कोडवाली_ताई
नाही येत. कोपरा यायला वेग तुटला पाहिजे, इथं वेग दोन्ही बाजूंनी २ च आहे, फक्त तो बदलायचा थांबला. पोझिशनच्या ग्राफमध्ये ते डोळ्याला दिसणारच नाही, वेगाचा ग्राफ खाली काढ, त्यात कोपरा दिसेल. दोन्ही एकाखाली एक लाव, वेळेचा अक्ष सारखा ठेव.

अजनीवाले_काका
अन पेन्सिलीनं काढ रे. पेननं काढला की खोडता येत नाही. झाला की फोटो टाक इथं, आमच्या वेळचे दोघंतिघं आहेत कट्ट्यावर, त्याइले दाखवतो की चंद्राचा चार्ट पण तसाच असते म्हणून.